बाभळीची तुळई आणि कल्लप्पा सर

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि लाकडाविषयी मला कळायचं असं जगात काही उरलेलं नव्हतं. शाळा माझी दुसरीपर्यंत. तिसरीच्या मास्तरांनी हातावर पट्टी मारली, ती शिसवी होती एवढं मला कळलं. गणित काही कळलं नाही. तिथून उठलो तो लाकडाच्या वखारीत शिरलो आणि वखारीतच म्हातारा झालो. सोलापुरातल्या निम्म्या घरांच्या चौकटी मी बसवल्या असं मी सांगतो. निम्म्या नसतील. पण बसवल्या त्या अजून हलल्या नाहीत, कुणीही जाऊन हलवून बघावं.

काम सुटलं होतं तरी रोज वखारीत जाऊन बसायचो. मालक काही बोलायचा नाही. गिऱ्हाईक आलं की तो आधी माझ्याकडं बघायचा आणि मी मान हलवली की मगच लाकडाचं नाव सांगायचा. अशा जागी, भर दुपारी, कल्लप्पा सर आले.

अंगानं बारीक, साठी उलटलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशाला पेनं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आले ते रचलेल्या ओंडक्यांवर बोटाच्या पेरानं टकटक करत सुटले, जसं काय आतून कुणीतरी दार उघडणार होतं. मग वाकून एका ओंडक्याचा वास घेतला.

"बाभूळ हाय का?"

"जळणाला का कुळवाला?" मी विचारलं.

"घराला."

हमाल हसले. आमच्याकडं बाभूळ घराला कुणी लावत नाही. कुळवाला लावतात, गाडीच्या चाकाला लावतात, उरली की चुलीत घालतात. काटेरी झाड घरात आणलं की घरात भांडणं येतात, असंही जुनी माणसं म्हणतात. माझ्या घराला सागाची चौकट आहे आणि भांडणं तरी आलीच, पण ते असू दे.

"चिरून पट्ट्या पाडून द्या," सर म्हणाले. "बोटाएवढ्या जाड."

"पट्ट्यांचं काय करणार?"

"एकीवर एक ठिवून चिकटवणार. तुळई करणार."

"म्हंजे अखंड लाकूड फाडायचं, आन् परत चिकटवून अखंड करायचं?"

"हौदु," सर म्हणाले. त्यांच्या कन्नडात म्हणजे होय.

"मग फाडायचं कशाला?"

सरांचा चेहरा असा उजळला की हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच ते जन्मभर थांबले होते. माझा दंड धरून त्यांनी मला समोरच्या चहाच्या टपरीवर नेलं. तिथं त्यांनी माझ्या दोन्ही हातांची बोटं आपल्या बोटांत गुंतवली आणि म्हणाले, "वढा."

मी ओढली. सुटेनात.

"बाभूळ वाकडी, गाठाळ. तिची लांब सरळ तुळई निघत न्हाय. खरं का न्हाय? पण पट्ट्या पाडल्या की गाठीचा भाग काढून टाकता येतो. उरलेले तुकडे असं बोटात बोट घालून जोडायचे, मधी गोंद. तुकडा वाकडा, पण तुळई सरळ. आपल्या बांधावरच्या झाडाची! साग आणायला नको, लोखंड आणायला नको. वढा, अजून वढा."

टपरीवरची माणसं दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांची बोटं धरलेली बघत होती. मी म्हणालो, "सर, सोडा आता. लोकं बघाय लागल्यात."

"बघू द्या की. मोडल्याबिगर कळत न्हाय."

हे त्यांचं वाक्य. लग्नाला, सरकारला, नव्या चपलेला, सगळ्याला हेच एक वाक्य. मोडल्याबिगर कळत न्हाय.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. रिटायर झाल्यावर कॉलेजनं त्यांना मागच्या अंगाची एक शेड संशोधनाला दिली होती. दिली म्हणजे काय, घरी जा असं सांगायची हिंमत कुणाला झाली नाही. त्या शेडमध्ये लाकडावर दाब टाकायचं एक मशीन होतं, आणि एका कोपऱ्यात मोडक्या तुळयांची ही रास. मी पट्ट्या पोचवायला गेलो आणि रंधा मारायला राहिलो. त्यांचं रंधा मारणं मला बघवलं नाही, हे खरं कारण. भाजी किसावी तसा मारायचे.

त्यांच्या खिशात आगपेटीएवढं एक यंत्र असायचं, पुढं दोन सुया. सुया लाकडात टोचल्या की लाकडात ओल किती आहे त्याचा आकडा यायचा. बारा आला की सर खूश. "बारा! बेस. आता वापराय हरकत न्हाय." ते यंत्र त्यांनी कशाकशात टोचलं म्हणून सांगू. कॉलेजच्या प्रिन्सिपॉलच्या टेबलात. नव्या पेठेतल्या एका दुकानात, दुकानदार कापड दाखवत असताना, त्याच्या कापड मोजायच्या लाकडी गजात. एकदा आमच्याकडं जेवायला आले, तर ताटातल्या कडक भाकरीत.

"सहा," सर म्हणाले. "हिला कीड लागायची न्हाय."

आमची मंडळी, कमल, वाढता वाढता थांबली. "सर, भाकरी हाय ती. छपराला लावायची न्हाय."

"तशी लावली तर टिकंल हो," सर म्हणाले आणि शेंगाचटणी मागून घेतली.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा मात्र मी चाट पडलो. लाकडावर जन्म घालवलेल्या माणसाच्या घरात एक लाकडी वस्तू नव्हती. खुर्च्या लोखंडी, पलंग लोखंडी, पाट प्लॅस्टिकचा. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. अक्का म्हणाल्या, "काय करू ओ बाबूराव? लाकडाचं काय बी आणलं की हे मोडून बघत्यात. माझ्या माहेरचा पाट हुता. एक दिवस कॉलेजात घिऊन गेले. संध्याकाळी दोन पाट आणले."

सांगोल्याची गोष्टही अक्कांनीच सांगितली. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. सगळे आत जाऊन बसले तरी सर दारातच, चौकट वाजवत. कुणीतरी ओढून खुर्चीत बसवलं, तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली. थोरल्या माणसानं काहीतरी विचारावं म्हणून सगळे सरांकडं बघायला लागले. सरांनी विचारलं, "मी बसलोय ही खुर्ची कशाची?"

मुलगी म्हणाली, "कडुलिंबाची. घरचंच झाड हुतं. वीज पडली तवा बाबांनी करून घेतली."

"ठरलं," सर म्हणाले आणि पोह्याला हात घातला. मुलाला कुणी विचारलंसुद्धा नाही. संसार चांगला चाललाय, आणि ती खुर्ची रुखवतात मागून घेतली असं ऐकलं. अक्कांनी ती घरात काही येऊ दिली नाही.

तर मी केलेली पहिली तुळई. बाभळीच्या पट्ट्या घासून, गोंद लावून, शिकंज्यात आवळून, सुकवून, वर चार हात रंधा मारून मी ती अशी काढली की हात फिरवावा तर काचेवर फिरावा. घरनं गोडेतेल नेऊन पुसली. सरांनी चारी बाजूंनी बघितली. चपला काढल्या. तुळई मशीनवर ठेवताना ते नेहमी चपला काढायचे. मला वाटलं, पूजा करणार.

त्यांनी ती मोडली.

आवाज असा आला की बाहेर झाडावरचे पक्षी उडाले. सर पळत गेले, मोडलेल्या जागेत नाक घातलं आणि "वा वा वा" करायला लागले. मी माझा रंधा पिशवीत घातला आणि घरी आलो. उभ्या जन्मात माझं काम माझ्या डोळ्यांपुढं कुणी मोडलं नव्हतं. आठ दिवस गेलो नाही. नवव्या दिवशी दारात रिक्षा थांबली, आणि रिक्षातनं सर उतरायच्या आधी मोडक्या तुळईचा तुकडा उतरला.

"जय भीम, बाबूराव."

ते मला जय भीम घालायचे आणि मी त्यांना शरणु म्हणायचो, त्यांच्या लिंगायतांचा नमस्कार. ज्याचं त्याला परत, अशी आमची रीत पडली होती. त्या दिवशी मी शरणु म्हणालो नाही.

"बघा तरी, कुटं मोडली," सर म्हणाले. "लाकडात मोडली. जोडात न्हाय. जोड तसाच हाय. आजवर माझ्या तुळया जोडात सुटायच्या. तुमची पयली, जी लाकडात मोडली."

"मोडली ती मोडली," मी म्हणालो.

सर पायरीवर बसले. म्हणाले, "एवढ्या वर्षांत किती तुळया केल्या, बाबूराव. सगळ्या मोडल्या. मोडाव्याच लागतात, त्याबिगर कागदावर काय लिवणार? पण एक तरी कुणाच्या डोक्यावर राहिलेली बघायची हाय. खाली माणसं बसल्याती, वर आपली तुळई हाय, आन् कुणाचं तिच्याकडं लक्ष बी न्हाय. असं एकदा बघायचंय."

दुसऱ्या दिवशी मी रंधा घेऊन गेलो.

आमच्या वस्तीत विहाराला लागून पोरांची अभ्यासिका आहे. तेव्हा तिला पत्रा होता. उन्हाळ्यात आत पुस्तक उघडलं की पुस्तकालाच घाम यायचा. कमिटीच्या अध्यक्ष सुमनताई, सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, रिटायर झाल्या, पण आवाज रिटायर झाला नाही. पावसाआधी पत्रा काढून स्लॅब टाकायचं ठरत होतं. मी बोलता बोलता हे सरांना सांगितलं आणि सर थेट कमिटीच्या बैठकीत येऊन उभे राहिले. म्हणाले, मधल्या तुळईसकट लाकडाचं छप्पर करून देतो, वर कौलं घाला, आत गार राहील. लाकूड माझं, मेहनत बाबूरावची.

"आन् पडलं तर?" सुमनताईंनी विचारलं.

"आधी वजन टाकून दाखवतो. छपराच्या दुप्पट. एक दिवस ठेवतो. न्हाय टिकली तर खुशाल स्लॅब टाका, मी परत ह्या दारात येणार न्हाय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. लाकडाचा सवाल म्हटल्यावर बघणारच. मी उभा राहिलो आणि सांगितलं, "बनवून देईन. माझ्या कामात खोट निघणार न्हाय. पण गोंदावरच्या तुळईखाली हा बाबूराव बसणार न्हाय."

लोक हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "बरं." एवढंच.

कुणाला ह्यात विसंगती दिसली तर दिसो. बनवायला माझी ना नव्हती. खाली बसायला होती.

तुळई झाली. अठरा फुटी, एका जोडाची रेघ दुसऱ्या जोडाखाली कुठं येऊ दिली नाही. आणली, पत्रा उतरवून अभ्यासिकेच्या दोन भिंतींवर चढवली. वजन टाकायला आठ-दहा दिवस अवकाश होता. मी नातेपुत्याला लेकीकडं गेलो आणि सर अक्कांना घेऊन अक्कलकोटकडं भावाकडं गेले. जाताना गवंडी दौलतला एवढंच म्हणाले, "तुळईची काळजी घ्या."

दौलत जन्मभर सिमेंटचं काम केलेला माणूस. नवं काही वर चढवलं आणि काळजी घ्या म्हणालं, तर त्याच्या लेखी काळजीचा अर्थ एकच, पाणी मारायचं.

आम्ही दोघं एकाच दिवशी परतलो. अभ्यासिकेत शिरलो तर मी दारातच थबकलो. तुळईला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओली बारदानं गुंडाळलेली. खाली चिखल. बायका शिडीला घागरी टेकवून उभ्या, दौलत वर.

"या सर!" दौलत वरनं ओरडला. "एक दिवस खंड पडू दिला न्हाय. सकाळ-संध्याकाळ! येकदम पक्की झाल्या."

आता ज्याला सोलापूर माहीत नाही त्याला सांगतो. आमच्याकडं नळ रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतो, तोही आला तर. त्या आठवड्यात तर मेन लाईन फुटलेली. असलं पाणी, बॅरलातलं, अंघोळीचं मागं ठेवून, घराघरातून पाळी लावून त्या तुळईला घातलेलं. सिमेंटला पाणी घातलं की ते आवळतं. लाकडाला घातलं की ते फुगतं, आणि सुकताना फाटतं. हे त्यांना कोण सांगणार? सांगणारे दोघं गावाला गेलेले.

सर शिडीवर चढले. बारदान बाजूला सारून सुया टोचल्या. आकडा आलाच नाही. ओल मापाच्या बाहेर गेलेली, यंत्रात नुसती रेघ आली. सर शिडीवरच बसले. सगळी वस्ती खाली उभी, मान वर करून, शाबासकीची वाट बघत.

मला वाटलं आता हा माणूस रडणार नाहीतर शिव्या देणार. माझ्या तोंडात दौलतसाठी पाच-सहा तयार होत्या.

सर म्हणाले, "जरा प्यायला पाणी द्या कुणीतरी."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग एक म्हातारी हळूच म्हणाली, "संपलं की सर. तुळईला घातलं."

सर तिच्याकडं बघत राहिले आणि हसायला लागले ते थांबेचनात. शिडी हलायला लागली, दौलतनं धरली. डोळे पुसत म्हणाले, "शेडमधी सगळं करून बघितलं, बाबूराव. उन्हात ठिवली, वाळवी सोडली. पण मायेनं पाणी घालून बघायचं काय सुचलं न्हाय."

मग त्यांनी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं, पण असं की कुणाची मान खाली जाऊ नये. दौलतची गेलीच. सर त्याला म्हणाले, "दौलत, छप्पर गळालं तर हेच हुणार हाय का न्हाय? मग आधीच झालेलं बरं. मोडल्याबिगर कळत न्हाय."

"पुढचा रविवार," सुमनताई म्हणाल्या. "त्याच्या म्होरं थांबता यायचं न्हाय, सर. पाऊस तोंडावर आला."

मी आणि सर बाजूला गेलो. नवी करायला वेळ नव्हता. तशीच उघडी टाकली तर मेचं ऊन तिला दोन दिवसांत तडकवणार. हळू सुकायला पाहिजे होती, वरून वारा न लागता. मी म्हणालो, "पांघरूण घाला." सरांनी चुटकी वाजवली. मे महिन्यात चादरी कुणाला लागतात? घराघरातून चादरी आल्या, मोराच्या, चौकटीच्या, एक लग्नातली न उघडलेली. तुळई पांघरून पडली. सुमनताई येता-जाता विचारायच्या, "पेशंट कसा हाय?" आणि सर सुया टोचून आकडा सांगायचे. चोवीस. एकोणीस. सोळा. पोरं आकडे ऐकायला अभ्यास सोडून थांबायची.

रविवारी पांघरूण काढलं. खालच्या पट्टीवर केसाएवढ्या भेगा. सरांनी एकेक भेग बोटानं चाचपली. "पट्टीत हाय. जोडात न्हाय," म्हणाले, पण आवाज रोजचा नव्हता. त्यांनी चपला काढल्या.

तुळईच्या खाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली, म्हणजे तुळई किती वाकते ते सगळ्यांना दिसावं. मोडलीच तर अंगावर येऊ नये म्हणून खाली चार बोटं मोकळी सोडून ठोकळे रचले. मग वर वाळूची पोती चढायला लागली. पोतं ठेवलं की सगळे श्वास धरायचे. तुळई वाकत दोरीकडं आली. एकदा कर्र् करून वाजली, तसे दौलतनं डोळे मिटले. मी अंगणात होतो. बसणार नाही म्हटलं होतं, बघणार नाही असं म्हटलं नव्हतं. खिडकीतनं बघत होतो.

शेवटचं पोतं चढलं. तुळई दोरीच्या अलीकडं थांबली.

"आता उद्यापर्यंत," सर म्हणाले. चटई मागवली, ठोकळ्यांच्या मधोमध अंथरली आणि दोरीवर डोळा ठेवून आडवे झाले. दुपार झाली. आठवडाभर झोप नसलेला माणूस तो. त्या एवढ्या वाळूखाली, यंत्र छातीवर धरून, सर घोरायला लागले. घोरणं असं की पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं तुळईच वाजतेय.

स्लॅबचा ठेकेदार आला होता, तुळई टिकते का बघायला. तो म्हणाला, "ताई, उद्यापर्यंत थांबायचं ना?"

"हळू बोला, सर झोपल्यात," सुमनताई म्हणाल्या. "थांबायचं तर थांबूच. पण तुम्ही तुमच्या स्लॅबखाली असं कवा झोपला हुता का?"

दुसऱ्या दिवशी पोती उतरवली आणि तुळई हळूहळू वर गेली, आपल्या जागेवर. सरांनी नाक लावून वास घेतला. न मोडलेल्या तुळईचा वास घेताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

पावसाआधी छप्पर झालं. आत गार असतं म्हणतात. म्हणतात, कारण मी पायरीवर बसायचो. सकाळी पेपर यायचा, एक-एक अक्षर जोडत मी तो दुपारपर्यंत पुरवायचो, पण पायरीवर. सर महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. आत पंखा, गारवा, बसायला बाकं. तरी एकदा वर बघून यायचे आणि माझ्याजवळ उन्हात पायरीवर बसायचे. आत चला असं एकदाही म्हणाले नाहीत. मला त्याचा रागच यायचा. म्हणाले असते तर मला नाही तरी म्हणता आलं असतं.

मागल्या वर्षी श्रावणाच्या आधी आले ते रिक्षा उभी ठेवूनच. मुलाकडं धारवाडला कायमचे निघाले होते. अक्का रिक्षात लोखंडी खुर्ची धरून बसल्या होत्या. सर आत गेले. पोरं वाचत होती, एकाचंही लक्ष वर नव्हतं. सर दारात उभे राहून तेच बघत होते, बराच वेळ. मग बाहेर आले.

"जय भीम, बाबूराव."

"शरणु, सर."

खिशातलं यंत्र काढलं आणि माझा हात ओढून सुया तळव्यावर टेकवल्या. माझ्या हाताला रंध्याचे घट्टे, टोचलंसुद्धा नाही. सरांनी आकड्याकडं बघितलं, आता त्यात काय आलं होतं कुणास ठाऊक, मला दाखवलं नाही.

"बारा," म्हणाले. "आता वापराय हरकत न्हाय."

आणि रिक्षात बसले. रिक्षा वळेपर्यंत त्यांचा एक हात बाहेर होता, टपाच्या दांडीवर टकटक करत. लोखंडाची होती. तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर घेतला, पायरी चढलो आणि आत जाऊन बरोबर मधल्या तुळईखाली बाकावर बसलो. पोरांनी पुस्तकातनं तोंडं वर काढली.

"आजोबा, आज आत?"

"बाहेर लई ऊन हाय," मी म्हणालो आणि पेपर उघडला.

बाहेर आभाळ गच्च भरून आलं होतं.